हौशी आकाशनिरीक्षण

हौशी आकाशनिरीक्षण : उपजीविकेचे साधन म्हणून नव्हे, तर केवळ ज्ञानाच्या व आनंदाच्या ओढीने खस्थ पदार्थांचे व आकाशातील घटनांचे वेध घेणे म्हणजे हौशी आकाशनिरीक्षण होय. ‘हौशी’ या विशेषणाने कामाचा दर्जा सूचित होत नाही, तर निरीक्षकाचा त्या कामाशी असलेला व्यावहारिक संबंध तेवढा सूचित होतो. औषधविक्रेता, संगीतकार, कचेरीतील कारकून, शाळामास्तर अशा नाना व्यवसायांतील व्यक्तींनी या शास्त्रात मोलाची भर घातली आहे. फलज्योतिषाशी या विषयाचा संबंध नाही.

‘वेध’ या शब्दाविषयी येथेच सांगणे योग्य होईल. ग्रहणापूर्वी काही प्रहर अन्नपाणी वर्ज्य करण्याच्या काळाला लोकव्यवहारात ‘वेध लागणे’ असे म्हणतात. उलट ज्योतिषशास्त्रात वेध घेणे म्हणजे यंत्राने वा नुसत्या डोळ्यांनी एखाद्या ज्योतीचे स्थान, वेळ किंवा तेज निश्चित करणे होय. एकाच शब्दाच्या एका अर्थात माणूस घरात बसतो व दुसऱ्या अर्थात तो अंगणात येतो. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी पंधराव्या शतकात ग्रहस्थिती स्वतः वेध घेऊन ताडून पाहिली होती. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा ग्रहलाघव (१५२०) हा ग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगांचा आधार बनला. तथापि वडिलांची वेध घेण्याची परंपरा मात्र पुढील पिढ्यांत क्षीण झाली. गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ व प्रत्यक्ष आकाश यांतील अंतर वाढत गेले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४), शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) व व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांना पंचांगशुद्धीचा प्रश्न हाती घ्यावा लागला, तो यामुळेच.

पाहणे व नोंदणे : आकाशाकडे पाहणारे पुष्कळ असतात, निरीक्षक थोडे. या दोहोंतील भेद दूरदर्शकाच्या आकारात नसून वहीत असतो. काय पाहिले, कोठून पाहिले, कोणत्या क्षणी पाहिले आणि त्या वेळी आकाश कसे होते, या चार गोष्टी लिहिल्या गेल्या, तर नुसत्या डोळ्यांनी केलेले निरीक्षणही शतकानंतर उपयोगी पडते. त्या लिहिल्या गेल्या नाहीत, तर मोठ्या दूरदर्शकातून घेतलेले दर्शनही त्या रात्रीपुरतेच उरते.

जर्मनीतील डेसाऊ येथील औषधविक्रेते हाइन्रिख श्वाबे (१७८९–१८७५) यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असल्यास तो सूर्यबिंबावरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, या कल्पनेने त्यांनी १८२६ पासून प्रत्येक निरभ्र दिवशी सूर्यावरील डागांची नोंद ठेवली. ग्रह सापडला नाही. परंतु सतरा वर्षांच्या नोंदी जुळवून पाहता डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होते, असे त्यांना दिसून आले. सौरचक्राचा शोध तो हाच. त्याचा सरासरी काळ पुढे सुमारे ११ वर्षे ठरला. ज्या वस्तूसाठी नोंदी ठेवल्या ती वस्तूच अस्तित्वात नव्हती. नोंदी मात्र खऱ्या होत्या. तत्पूर्वी विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) या बाथ येथील संगीतकाराने स्वतः घासलेल्या आरशाच्या दूरदर्शकातून १३ मार्च १७८१ रोजी युरेनस पाहिला होता. तो सापडण्याचे कारण दैव नव्हे. आकाशाची क्रमवार पाहणी करण्याची शिस्त हे होय.

सूर्यग्रहणांचे वेध : हौशी निरीक्षकाला ग्रहणाइतकी उदार घटना दुसरी नाही. ती केव्हा व कोठे घडणार हे सेकंदापर्यंत आधी ठाऊक असते आणि तिचे काही महत्त्वाचे वेध घेण्यास घड्याळापलीकडे फारसे काही लागत नाही.

चंद्राची गडद छाया पृथ्वीच्या ज्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जाते तेथे खग्रास ग्रहण दिसते. दोन्ही बाजूंच्या विस्तीर्ण उपच्छायेत ते खंडग्रास दिसते. चंद्र पृथ्वीपासून दूर असला व त्याचे बिंब सूर्यबिंबापेक्षा लहान दिसत असले, तर ग्रहण कंकणाकृती होते. बिंबांच्या संपर्काचे चार क्षण पंचांगांतून पूर्वापार दिले जातात : चंद्रबिंब सूर्यबिंबाला प्रथम भिडते तो स्पर्श, सूर्य पूर्ण झाकला जातो ते संमीलन, पुन्हा प्रकट होऊ लागतो ते उन्मीलन व बिंबे पूर्णतः अलग होतात तो मोक्ष. संमीलनाच्या व उन्मीलनाच्या आसपास चंद्रकडेवरील दऱ्याखोऱ्यांतून सूर्यप्रकाश झिरपतो व मण्यांची माळ दिसते. या मण्यांना फ्रान्सिस बेली (१७७४–१८४४) यांचे नाव मिळाले आहे. १५ मे १८३६ च्या कंकणाकृती ग्रहणात त्यांनी स्कॉटलंडमध्ये हे मणी पाहून त्यांचे रेखीव वर्णन केले. बेली हे शेअरदलालीत द्रव्यार्जन करून निवृत्त झालेले गृहस्थ होते.

ग्रहणाच्या पट्ट्याची कडा नेमकी कोठून गेली, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. एडमंड हॅली (१६५६–१७४२) यांना तो तसा वाटला नाही. ३ मे १७१५ (जुन्या कालगणनेनुसार २२ एप्रिल) रोजी इंग्लंडवरून खग्रास ग्रहणाची छाया जाणार होती. हॅली यांनी छायामार्गाचा नकाशा आगाऊ छापून वाटला व ज्यांच्याकडे लंबकाचे घड्याळ आहे त्यांनी खग्रास अवस्था किती काळ टिकली ते कळवावे, अशी विनंती केली. गावोगावच्या लोकांनी उत्तरे धाडली. खग्रास अवस्था क्षणभरच दिसली असे कळवणारे व ती मुळीच दिसली नाही असे कळवणारे यांच्या दरम्यान छायेची कडा असणार हे उघड आहे. या उत्तरांचा उपयोग तेथेच संपला नाही. सूर्याचा व्यास दीर्घ काळात बदलतो की काय, याचा तपास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागला, तेव्हा संशोधकांनी १७१५ च्या याच नोंदी पुन्हा गणितात घेतल्या. त्याच तपासात २४ जानेवारी १९२५ च्या ग्रहणाचाही आधार घेण्यात आला. त्या दिवशी छायेची दक्षिण कडा न्यूयॉर्क शहरावरून जाणार होती. मॅनहॅटनमध्ये हडसन नदीकाठच्या रस्त्यावरील इमारतींच्या गच्च्यांवर ओळीने माणसे उभी करण्यात आली होती. त्यांना एकच प्रश्न विचारण्यात आला : सूर्य पूर्ण झाकला गेला की नाही ? छायेची कडा ९५ व ९७ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान निश्चित झाली. सुमारे दोनशे मीटरांपर्यंत अचूक असा हा वेध घेणाऱ्यांपैकी कोणालाही दूरदर्शकाची गरज पडली नव्हती.

भारतातील ग्रहणे व विजयदुर्गची कथा : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया पश्चिम किनाऱ्यावरून शिरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्यावर गेली. सूर्यकडेवरील लाल तेजःशृंगांच्या प्रकाशाचे या वेळी प्रथमच वर्णपटदर्शकाने पृथक्करण झाले व ती तप्त वायूंची असल्याचे सिद्ध झाले. जमखंडी येथून जॉन हर्शेल यांनी, तर गुंटूर येथून फ्रेंच ज्योतिर्विद प्येअर झांसेन (१८२४–१९०७) यांनी हे वेध घेतले. वर्णरेषांचे तेज पाहून, त्या ग्रहणाविनाही दिसू शकतील हे झांसेन यांनी ओळखले व दुसऱ्याच दिवशी तसे करून दाखवले. तेजःशृंगांच्या वर्णपटात एक पिवळी रेषाही अनेकांना दिसली होती. परंतु ती सोडियमाची असावी, असा तेव्हा समज झाला.

महाराष्ट्रात या ग्रहणासंबंधी एक कथा रूढ आहे. नॉर्मन लॉकयर (१८३६–१९२०) यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिले व तेथे हीलियमाचा शोध लागला, असे सांगतात आणि किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ त्याचा पुरावा म्हणून दाखविले जातात. लिखित नोंदी वेगळे सांगतात. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते तेथील युद्धखात्यात कारकून होते व ज्योतिषशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी आपल्या दूरदर्शकाला जोडलेल्या वर्णपटदर्शकातून ग्रहण नसताना तेजःशृंगांचा वर्णपट मिळवला. ती पिवळी रेषा सोडियमाच्या रेषांशी जुळत नाही, असे त्यांना आढळले व ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असली पाहिजे, या निष्कर्षापर्यंत ते पुढे आले. या मूलद्रव्याला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हीलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळाले.

मग विजयदुर्गचे काय ? लॉकयर तेथे खरोखरच आले होते. पण तीस वर्षांनी. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी त्यांनी मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ला निवडला होता आणि २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी त्यांचे पथक विजयदुर्गला उतरले. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाचे शिक्षण देऊन कामास लावले होते. किल्ल्यावरील कट्ट्यांचा मेळ घालायचा, तर तो या मुक्कामाशी घातला पाहिजे. दंतकथेत ग्रहण खरे, साहेब खरा व किल्लाही खरा. केवळ साल हरवले आहे. स्थळ व काळ यांची जोडी तुटली म्हणजे खऱ्या गोष्टींचीही खोटी गोष्ट कशी तयार होते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे सापडणे कठीण. विजयदुर्गचे खरे श्रेय त्यामुळे उणे होत नाही.

१८९८ चे हे ग्रहण महाराष्ट्राच्या दृष्टीने अन्य कारणांनीही महत्त्वाचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी तळ ठोकला होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही तेथेच होते. विदर्भातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या १८९० मध्ये स्थापन झालेल्या व प्रामुख्याने हौशी सभासदांच्या संस्थेने शिबिर भरवले. सूर्याच्या किरीटाचा एक झोत बिंबापासून फार दूरवर गेल्याचे छायाचित्र ॲनी माँडर (१८६८–१९४७) यांनी तेथे घेतले. एवढ्या लांबीचा झोत त्यापूर्वी कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. विवाहित स्त्रियांना नोकरीत राहू न देण्याच्या तत्कालीन नियमामुळे त्यांना ग्रिनिच वेधशाळेतील पद सोडावे लागले होते. म्हणजे या प्रसंगी त्या शब्दशः हौशी निरीक्षकच होत्या.

यानंतर भारताच्या मुख्य भूमीवर चांगले खग्रास ग्रहण येण्यास दीर्घ काळ लागला. १६ फेब्रुवारी १९८० रोजी छाया कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून शिरून ओडिशातील कोणार्क-पुरीच्या बाजूने बाहेर पडली. त्या दिवशी मुंबई-पुण्यातील रस्ते भर दुपारी ओस पडले होते. डोळ्यांना इजा होईल या रास्त सूचनेचे रूपांतर घराबाहेर पडणेच धोक्याचे या समजात झाले. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी ऐन दिवाळीत राजस्थानातील नीम का थाना ते बंगालमधील डायमंड हार्बर या पट्ट्यात खग्रास अवस्था जेमतेम मिनिटभर टिकली. तरी ती पाहण्यास देशभरातून लोक गेले व महाराष्ट्रातून विद्यार्थ्यांचे जथेच्या जथे निघाले. पंधरा वर्षांत झालेला हा पालट हौशी मंडळांच्या व विज्ञानप्रसारकांच्या श्रमांचे फळ आहे. ११ ऑगस्ट १९९९ व २२ जुलै २००९ ही दोन्ही ग्रहणे मॉन्सूनमध्ये सापडली व बहुतेक ठिकाणी ढगांनी निरीक्षकांची निराशा केली. २६ डिसेंबर २०१९ चे केरळ-तमिळनाडूतील व २१ जून २०२० चे राजस्थान-हरियाणातील ग्रहण कंकणाकृती होते.

डोळ्यांचे संरक्षण : ग्रहणकाळी सूर्यातून कोणतेही विशेष घातक किरण बाहेर पडत नाहीत. धोका नेहमीच्याच सूर्याचा असतो. फरक इतकाच, की इतर दिवशी माणूस सूर्याकडे टक लावून पाहत नाही. दृष्टिपटलात वेदनेची जाणीव करून देणारे तंतू नसल्याने तो भाजला तरी त्या वेळी कळत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरण चित्राची फिल्म, रंगीत काच व साधे उन्हाचे चष्मे यांतून दृश्य प्रकाश कमी झाला, तरी अवरक्त किरण पार जाऊ शकतात. म्हणून ती साधने वर्ज्य मानली पाहिजेत. परातीतील पाण्यात प्रतिबिंब पाहण्याची घरगुती रीतही सुरक्षित नाही. त्यासाठी खास तयार केलेला, मान्यताप्राप्त व ओरखडे नसलेला सूर्यगालक वापरावा. दूरदर्शकाला किंवा द्विनेत्रीला गालक लावायचा तो पुढील भिंगाच्या मुखाशी. नेत्रिकेपाशी लावलेला गालक एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतो. केवळ पूर्ण खग्रास अवस्थेत, म्हणजे संमीलन ते उन्मीलन या काळात, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. कंकणाकृती ग्रहणात अशी सवलत क्षणभरही नाही.

सर्वांत निर्धास्त पद्धत प्रतिमा पाडून पाहण्याची होय. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून अंधाऱ्या खोलीत भिंतीवर सूर्याची प्रतिमा घेतली, तर तिचा व्यास भोकापासूनच्या अंतराच्या सुमारे एकशे आठांश असतो. तीन मीटर अंतरावर तो २८ मिमी. भरेल. दाट झाडाखाली जमिनीवर पडणारे कवडसे हेही वस्तुतः सूर्याच्या प्रतिमाच होत. खंडग्रास ग्रहणात ते शेकडो चंद्रकोरींसारखे दिसतात. लहान मुलांना ग्रहण दाखवण्यास यापेक्षा सोपे साधन नाही.

चंद्रग्रहणे : पृथ्वीची छाया चंद्रावर पडते तेव्हा चंद्र ज्या ज्या ठिकाणी क्षितिजावर असेल तेथून ग्रहण दिसते व ते पाहण्यास कसलाही धोका नसतो. खग्रास अवस्थेतही पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला तांबूस प्रकाश चंद्रावर पोहोचतो. या प्रकाशाचा रंग व तेज मोजण्यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दांजाँ यांनी शून्य ते चार अशी श्रेणी सुचविली. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र, तर चार म्हणजे तेजस्वी तांबडा वा नारिंगी. फिलिपीन्समधील पिनाटूबो ज्वालामुखीचा १९९१ मध्ये उद्रेक झाल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांत धूलिकण व आम्लकण पसरले आणि डिसेंबर १९९२ चे चंद्रग्रहण विलक्षण काळे दिसले. नुसत्या डोळ्यांनी चंद्राचा रंग लिहून ठेवणारा निरीक्षक अशा प्रकारे पृथ्वीच्या वातावरणाचीच परीक्षा करीत असतो. लहान दूरदर्शक असल्यास छायेची कडा एकेका विवरावरून केव्हा सरकली याच्या वेळा टिपाव्यात. अशा नोंदींवरूनच पृथ्वीची छाया नुसत्या भूमितीने येते त्यापेक्षा सुमारे दोन टक्के मोठी पडते, हे दीर्घ काळ पारखले गेले आहे.

रूपविकारी तारे : ग्रहणे वर्षातून मोजकीच व नेमक्या ठिकाणी घडतात. ज्याला रोज रात्री काम हवे आहे त्याने ज्यांचे तेज बदलते अशा रूपविकारी ताऱ्यांकडे वळावे. प्रस्तुत लेखकाच्या मते हौशी निरीक्षकाच्या श्रमांचे सर्वाधिक चीज याच क्षेत्रात होते.

पद्धत साधी आहे. नकाशात ज्यांच्या प्रती दिलेल्या आहेत असे दोन स्थिर तारे निवडावयाचे. एक रूपविकारी ताऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी व दुसरा किंचित मंद. समजा, त्यांच्या प्रती ७.१ व ७.७ आहेत आणि मधला तारा तेजस्वी ताऱ्यापासून मंद ताऱ्याकडे एक-तृतीयांश अंतरावर वाटतो, तर त्याची प्रत ७.३ लिहावयाची. सरावलेल्या डोळ्याची चूक प्रतीच्या एक-दोन दशांशांहून अधिक होत नाही. मात्र मागील रात्रीचा आकडा पाहून आजचा अंदाज कधीही करू नये. अपेक्षेने डोळा फसतो, हे या कामातले मुख्य पथ्य आहे.

जॉन गुडरिक (१७६४–८६) हा यॉर्क येथील तरुण मूकबधिर होता. त्याने १७८२-८३ मध्ये ययाती तारकासमूहातील अल्गॉल ताऱ्याचे तेज नुसत्या डोळ्यांनी पाहून ते २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी नियमितपणे उतरते, असे दाखविले आणि एखादा मंद जोडीदार त्याला झाकत असावा, हे एक संभाव्य कारण सुचविले. या वेळी तो अठरा वर्षांचा होता. जोडीदाराचे अस्तित्व सिद्ध होण्यास आणखी शतक लागले. आपल्या उपखंडातील नाव राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) यांचे होय. जेसोर येथील सरकारी खजिन्यात ते कारकून होते. ७.५ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकाने ते रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेत व अमेरिकेतील अशा निरीक्षकांच्या १९११ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेकडे ते पाठवीत. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात प्रकट झालेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. त्यांचे काम पाहून संघटनेने त्यांना १५ सेंमी. व्यासाचा दूरदर्शक पाठविला. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले. त्यांच्या नावावर ३७,००० हून अधिक वेध जमा आहेत. न्यूझीलंडचे ॲल्बर्ट जोन्स (१९२०–२०१३) यांची वेधसंख्या तर पाच लाखांच्या वर गेली होती.

मृग नक्षत्रातील काक्षी ऊर्फ बीटलज्यूझ हा तारा २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला व फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत सुमारे १.६ झाली, तेव्हा हौशी निरीक्षकांचे वेध व्यावसायिक ज्योतिर्विदांना तत्काळ हवे झाले. प्रचंड दूरदर्शकांना इतका तेजस्वी तारा पेलत नाही; त्यांचे प्रकाशग्राहक भारून जातात. संपूर्ण आकाशाचे वारंवार चित्रण करणाऱ्या अलीकडच्या स्वयंचलित वेधशाळांनाही ही मर्यादा आहे. तेजस्वी तारे म्हणूनच अजून हौशी निरीक्षकाच्या वाट्याचे राहिले आहेत.

इतर वेध : उल्कावर्षावांसाठी आरामखुर्ची, घड्याळ व वही पुरेशी होते. दर तासाला किती उल्का दिसल्या, अत्यंत मंद असा कोणत्या प्रतीचा तारा दिसत होता व आकाशाचा किती भाग ढगाळ होता, हे लिहावे. ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षाव महाराष्ट्रात पावसाने वाया जातो. १३–१४ डिसेंबरच्या सुमाराचा मिथुन उल्कावर्षाव मात्र थंडीच्या निरभ्र आकाशात पाहता येतो. चंद्राने वा लघुग्रहाने ताऱ्याचे पिधान केले असता त्याच्या वेळा अचूक नोंदल्यास लघुग्रहाचा आकार कळतो. ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना १९ जुलै २००९ रोजी गुरूवर आघाताचा ताजा काळा व्रण दिसला. क्रिमियातील गेन्नादी बोरिसोव्ह यांनी ३० ऑगस्ट २०१९ रोजी स्वतः बनविलेल्या ६५ सेंमी. दूरदर्शकाने शोधलेला धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरातून आलेला ठरला. शुक्राची अधिक्रमणे ८ जून २००४ व ६ जून २०१२ रोजी झाली. पुढील २११७ मध्ये आहे.

साधने : नवख्याने प्रथम दूरदर्शक विकत घेऊ नये. एक वर्ष नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखण्यात घालवावे, मग १०×५० किंवा ७×५० द्विनेत्री घ्यावी. कृत्तिकांचा पुंज, देवयानी दीर्घिका, मृगातील तेजोमेघ व गुरूचे चार उपग्रह तिच्यातून दिसतात. जाहिरातीत विशालनाचा मोठा आकडा दिलेला असतो, त्याला भुलू नये. महत्त्व वस्तुभिंगाच्या वा आरशाच्या व्यासाला असते. डोळ्याच्या बाहुलीचा व्यास अंधारात ७ मिमी. धरला, तर १५ सेंमी. आरसा तिच्या सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करतो. असा आरसा घरी घासता येतो. काचेच्या दोन जाड चकत्यांमध्ये कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालून वरची चकती मागेपुढे घासत व फिरवीत राहिले, की ती आपोआप अंतर्गोल होते. अखेरचा आकार पाती वापरून, फूको यांच्या पद्धतीने तपासतात. त्यात मिलिमीटरच्या दहा-हजारांश भागाहून लहान उंचवटा नुसत्या डोळ्यांना दिसतो. या कामाला काही आठवडे लागतात. पण स्वतःच्या आरशातून शनीची कडी पाहणारा मनुष्य सहसा हा छंद सोडीत नाही. दूरदर्शकाची बैठक डळमळीत असेल, तर उत्तम आरसाही व्यर्थ होय.

अंधारास डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. नकाशा पाहण्यास मंद तांबडा दिवा वापरावा. अंधूक तेजोमेघ थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती : १६ ते २२ अंश उत्तर अक्षांशांच्या या प्रदेशातून ध्रुव तारा क्षितिजाजवळ राहतो खरा, परंतु त्या मोबदल्यात दक्षिण आकाशाचा मोठा भाग हाती येतो. हिवाळ्यात अगस्त्य, एप्रिल-मेमध्ये त्रिशंकू व नरतुरंगातील भव्य तारकागुच्छ, उन्हाळ्याच्या अखेरीस वृश्चिकाचे संपूर्ण दर्शन ही युरोपीय निरीक्षकाला दुर्मिळ आहेत. जून ते सप्टेंबर हे चार महिने मात्र ढगांचे. नोव्हेंबर ते मार्च हा निरीक्षणाचा खरा हंगाम होय.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. ती देशातील सर्वांत जुन्या हौशी संस्थांपैकी होय. हॅलीच्या धूमकेतूच्या १९८५-८६ मधील आगमनाने अनेक नवी मंडळे उभी राहिली. मुंबईचे खगोल मंडळ हे त्यांपैकी एक होय. नवख्यांसाठी रात्रभराचे आकाशदर्शन हा या मंडळांचा मुख्य कार्यक्रम असतो.

शहरांतील कृत्रिम प्रकाश हा आज या छंदाचा मोठा शत्रू आहे. गडद आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. मुंबई-पुण्याच्या मध्यभागातून तिसऱ्या प्रतीचे तारेही कष्टाने दिसतात व आकाशगंगा अजिबात दिसत नाही. ज्या मुलाने ती कधी पाहिलीच नाही त्याला तिच्यावरचा धडा कोणत्या अनुभवाच्या आधारे कळणार, हा प्रश्न ज्योतिषशास्त्रापुरता राहत नाही. लडाखमधील हान्ले येथील आकाशराखीव क्षेत्र २०२२ मध्ये अधिसूचित झाले व महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून गडद आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. दिव्यांवर टोपी घालून प्रकाश जमिनीकडे वळविणे हा उपाय स्वस्त असून त्याने विजेचीही बचत होते.

नोंदवही : प्रत्येक नोंदीत रात्रीच्या दोन्ही तारखा (उदा., १३/१४ डिसेंबर), भारतीय प्रमाणवेळ (ती जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते), स्थळाचे अक्षांश-रेखांश, साधन व विशालन, आकाशाची स्थिती आणि निरीक्षणाविषयीची खात्री वा शंका लिहावी. शंका खोडून टाकू नये. न दिसलेली गोष्टही लिहावी. अमुक रात्री अमुक ठिकाणी नवतारा नव्हता, ही नोंद त्याच्या उद्रेकाची वेळ ठरविण्यास लागते. छायाचित्रे आता अल्पमोली झाली असली, तरी ज्या चित्रावर वेळ नाही ते शास्त्राच्या दृष्टीने शोभेचे चित्र होय.

ग्रहणे १८ वर्षे ११ दिवसांच्या आवर्तनाने पुन्हा घडतात. प्रत्येक वेळी मार्ग पृथ्वीवर सुमारे एक-तृतीयांश प्रदक्षिणेने पश्चिमेकडे सरकतो. म्हणून तीन आवर्तनांनी, म्हणजे ५४ वर्षे व सुमारे एक महिन्याने, तो जवळजवळ मूळ रेखांशांवर येतो. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचे पुढील आवर्तन २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे; ते उत्तर आफ्रिका व अरबस्तानात खग्रास, तर महाराष्ट्रात, पाऊस असला नाही तर, दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण व २१ मे २०३१ रोजी केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसणार आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाचे तिसरे आवर्तन २० मार्च २०३४ रोजी येते. त्या दिवशी दिवस मावळण्यापूर्वी लडाखमधील कारगिल-लेहच्या भागातून सूर्य पूर्ण झाकलेला दिसेल.